मुनीम की डॉक्टर

आमच्या घरात लग्नं जुळताना पत्रिका कमी पाहिल्या गेल्या आणि एक प्रश्न जास्त विचारला गेला: मुनीम की डॉक्टर? माझा नवरा पहिल्यांदा आमच्याकडे बोरी अरबला आला तेव्हा त्यालाही तो विचारला. बिचारा मारेगावचा माणूस, त्याला वाटलं कामधंद्याची चौकशी चालली आहे. प्रश्न एका मालिकेतला आहे हे सांगितल्यावर "मी ऐकलीच नाही ती मालिका," असं तो म्हणाला आणि माझी आत्या आणि माझे बाबा, दोघंही त्याच्यावर एकदमच नाराज झाले. त्या दोघांचं एकमत झालेला तेवढाच एक प्रसंग मला आठवतो.

मालिका रेडिओवरची. कापसाच्या जिनिंगवाल्या एका शेठजींचा त्यांच्याच खोलीत विष घालून खून होतो, आणि एक खाजगी गुप्तहेर खोकत खोकत सगळ्यांना प्रश्न विचारत फिरतो. संशय दोघांवर: शेठजींचा मुनीम आणि घरचा डॉक्टर. दर आठवड्याला एक भाग यायचा. हे सगळं माझ्या जन्माआधीचं. मला ते पाठ आहे कारण आमच्याकडे रामायण कमी आणि हेच जास्त सांगितलं गेलं.

त्या वर्षी आत्या माहेरी परत आली होती. लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती तोच नवरा तापानं गेला. ती आली आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली. बोलायची नाही, ताटातलं उष्टं करून ठेवायची. आजी सांगायची, पोरगी हातची जाते की काय असं झालं होतं. रेडिओ मात्र बाहेर ओसरीवर चालायचा आणि तो बंद करा असं ती कधी म्हणाली नाही.

शेवटच्या भागाच्या दिवशी आमच्या आजोबांनी घात केला. रेडिओचे सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे, मग ते अजून चार दिवस ओढतात, ही त्या काळातली घरोघरची विद्या. पण आजोबांनी ते ठेवले टिनाच्या छपरावर, वैशाखात, आमच्याकडच्या उन्हात, आणि स्वतः जेवून झोपले. दुपारी उठून पाहतात तर सेल फुगून पाझरलेले. गावातल्या दुकानात सेल संपलेले. बाबांना सायकलवर दारव्ह्याला पिटाळलं. ते सेल घेऊन परत आले तोवर अंधार पडला होता आणि कार्यक्रम कधीचा संपला होता.

तेव्हा आतल्या खोलीतून आवाज आला. "मुनीमच निघाला ना रे?"

कित्येक दिवसांनी ती स्वतःहून बोलली होती. बाबा म्हणाले, "ऐकायलेच नाही भेटलं. पण मले विचारशीन तर डॉक्टर."

"डॉक्टर?" म्हणत आत्या दारात आली. "अक्कल गहाण ठेवली काय तू? मुनीम म्हणते, शेठजी दूध पिऊन राह्यले होते. अन् पेला कुठी आहे? खोलीत तर सापडलाच नाही!" बाबा म्हणाले, औषध डॉक्टरच्याच हातात होतं. ती म्हणाली, हातात असणं वेगळं अन् देणं वेगळं. भांडणाच्या भरात आजीनं तिच्यापुढे भाकर आणि वांग्याची भाजी सरकवली आणि भांडता भांडता तिनं ती सगळी खाल्ली. आजी हे सांगताना प्रत्येक वेळी डोळ्याला पदर लावायची.

पुढे आत्या शिवणकाम शिकली, गावातल्या अर्ध्या बायांची पोलकी तिनं शिवली, आम्हा भावंडांना वाढवलं आणि दरडावलं. पण खून काही मिटला नाही. पोळ्याच्या दिवशी, बारशाला, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत दोघं त्यावरून भांडले. बाबा काही कारण नसताना म्हणायचे, "बाई, काही म्हण, डॉक्टरच होता." की झालं. शिवणयंत्र थांबायचं. मला लहानपणी वाटायचं, यवतमाळला कोर्ट आहे ते बहुतेक याच खटल्यासाठी.

यंदा आत्या न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं, यवतमाळला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, छान झालंय, आता वॉकर धरून चालवा. घरी आल्यावर आत्यानं वॉकरकडे एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मी मारेगावहून आले तेव्हा तिचं बोलणं थांबलेलं होतं. दोन घास, एक घोट पाणी, बस्स. ऐंशीच्या घरातल्या माणसानं असं मनावर घेतलं की पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असतं, कोणी बोलून दाखवत नाही एवढंच.

बाबा दिवसभर तिच्या खाटेशी खुर्ची टाकून बसायचे. पुन्हा पुन्हा आमिष टाकायचे. "बाई, डॉक्टरच होता." काही नाही. "मुनीम साधा माणूस होता." काहीच नाही. बाबांच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं.

म्हणून मी ती मालिका शोधली. जुन्या श्रुतिका फोनवर टाकणारे शौकीन असतात, देव त्यांचं भलं करो. शेवटचा भाग सापडला आणि मी उड्या मारत बाबांकडे गेले. मला वाटलं होतं ते खूश होतील. ते भडकलेच.

"कायले शोधली? राहू दे ते. तिले ऐकवू नको."

"काहून?"

"नाही म्हटलं ना!"

बाबा माझ्यावर आयुष्यात मोजून ओरडले असतील. मला वाटलं, हरायची भीती वाटते म्हाताऱ्याला. आणि मी त्यांचीच मुलगी, हट्टात कमी नाही. दुपारी आत्याच्या उशाशी फोन ठेवला आणि लावला.

सुरुवातीचं संगीत वाजलं. आत्यानं कूस बदलली नाही, पण तिची आवळलेली मूठ सैल पडली. गुप्तहेर खोकला. सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं. बाबा खुर्चीत पुढे झुकून ऐकत होते, आम्ही तिथे आहोत हे विसरूनच. गुप्तहेरानं गरम दूध मागवलं आणि मुनीमाला म्हणाला, घ्या मुनीमजी, तुम्ही दमलात.

"आता पेला पडते," बाबा पुटपुटले.

आणि खणखणत पेला पडला. मुनीम हुंदके देत सगळं कबूल करू लागला.

आत्यानं मान वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. माझ्याकडे नाही, बाबांकडे. मी फोन बंद केला. आमच्या आत्यापासून आजवर चोरलेली कैरीही लपली नव्हती.

"तू ऐकलं होतं," ती म्हणाली.

बाबांनी मान खाली घातली. "दारव्ह्याले. सेलवाल्याच्या दुकानापुढं उभा राहून. पुरा भाग."

"मंग डॉक्टर कायले म्हटलं?"

"तुले हो म्हटलं असतं तर तू पुन्हा भिंतीकडं तोंड केलं असतं. मले दुसरं काही सुचलं नाही, बाई." मग म्हणाले, "मंग तेच लावून धरलं."

मला रडू आलं आणि रागही आला. आयुष्यभर हा माणूस जाणूनबुजून हरत होता, पोरांसमोर, जावयांसमोर, पंगतीत. आणि मी शहाणीनं आता ते सगळं एका दुपारी संपवून टाकलं होतं. आता भांडायला काही उरलं नव्हतं. आत्यानं डोळे मिटले.

तिनं डोळे उघडले. मग म्हणाली, "बसव मले."

आम्ही दोघांनी तिला धरून बसवलं, पाठीशी उशी लावली. दुखलं, तशी ती बाबांवरच खेकसली. मग पदर सारखा केला आणि शिवणयंत्रावर बसायची तशी ताठ झाली.

"मुनीमानं कबूल केलं म्हणून काय झालं?" ती म्हणाली. "कबूल करते तो खरंच बोलते काय? त्याले डॉक्टरनं दाबलं असन. मले तर वाटते डॉक्टरच होता."

बाबा तिच्याकडे पाहतच राहिले.

"बोल ना," आत्या म्हणाली. "आता मुनीमाच्या बाजूनं तुले भांडा लागते."

बाबा भांडले. रडत रडत, पण भांडले.