शंभर नंबरचा भाडेकरू

रोज सकाळी मशीन चालू केलं की चहाच्या आधी मल्लाप्पा स्क्रीनवर एक पान उघडायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि शंभर नंबरचा खाना रिकामा आहे ना ते बघायचा. रिकामा दिसला की म्हणायचा, "गेला बाबा एकदाचा." मग चहा.

आनेकलच्या त्या वर्कशॉपमध्ये ओतीव लोखंडाच्या तुकड्यांना भोकं पाडायचं काम चाले. रोज सकाळी नवा लॉट यायचा आणि तुकड्यांची उंची बदलायची. म्हणून मल्लाप्पानं वीस वर्षांपूर्वी प्रोग्रॅममध्ये एक युक्ती घातली होती. मशीनच्या आठवणीतला शंभर नंबरचा खाना रिकामा असेल तर मशीननं आधी उंची मोजून त्यात ठेवायची. भरलेला असेल तर मोजणी सोडून थेट कामाला लागायचं. जुन्या मशीनची वीज बंद केली की शंभरीतले खाने आपोआप पुसले जात, पाचशेच्या पुढचे तेवढे टिकत. "शंभरीतले भाडेकरू, पाचशेतले घरमालक," असं तो नव्या माणसांना ऐकवायचा. यात आपली हुशारी किती आणि मशीनचा विसराळूपणा किती, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

निवृत्तीला महिना उरला असताना वेगळ्या कंट्रोलचं नवं मशीन आलं. मालक रघुनंदन म्हणाले, "मल्लाप्पा अण्णा, शनिवारपर्यंत हे तुमच्या हातून नीट चाललं तर आणखी दोन वर्षं इथंच राहा. नाही तर प्रणिता बघेल. सरी?"

"सरी," मल्लाप्पानंही कानडीतच होकार भरला. निपाणीला घरी बसून सुनेच्या हाताखाली गवारीच्या शेंगा मोडायच्या, हे चित्र त्याला बघवेना. त्यातही आपण शेंगांची लांबी मोजत बसू, हे त्याला ठाऊक होतं.

प्रणिता बेळगावची, दोन वर्षांपूर्वी लागलेली. तिनं मशीनचं पुस्तक पुढं केलं. "काका, एकदा चाळून तरी बघा."

"पुस्तक वाचून पोहायला शिकलीस काय गं तू?"

नंबर तेच ठेवून त्यानं खान्यांची नावं बदलली, चिन्हं बदलली, जेवणाच्या सुट्टीआधी प्रोग्रॅम तयार केला. गुरुवारी चाळीस तुकडे बिनबोभाट निघाले. संध्याकाळी कँटीनमध्ये तो स्वतःबद्दल इतका वेळ बोलला की तिथल्या वाढप्या गुंडूनं समोरची बशी उचलून धुऊन ठेवली तरी त्याला पत्ता नव्हता.

शुक्रवारी तो थेट चहाला गेला. नव्या मशीनला जुनी सवय कशाला? परत येऊन त्यानं बटण दाबलं. मोजणी झालीच नाही. टूल सरळ खाली आलं आणि कालच्यापेक्षा उंच तुकड्यात घुसून मोडलं.

आवाज ऐकून रघुनंदन धावत आले. "करंट गेला होता का?"

प्रणितानं तोवर ते पान उघडलं होतं. शंभर नंबरच्या खान्यात कालची उंची जशीच्या तशी बसली होती. पुसायच्या बटणावर बोट ठेवून तिनं हळूच विचारलं, "काका, पुसू?"

मल्लाप्पानं त्या आकड्याकडं पाहिलं. एक बोट, की दोष करंटवर जाऊन दोन वर्षं वाचत होती.

"नको," तो म्हणाला. मग रघुनंदनकडं वळला. "करंट गेला नव्हता. हे मशीन बंद केलं तरी काही विसरत नाही, कालचं धरून बसलंय. मला वाटलं, समदी माझ्यासारखीच. वीस वर्षं मी विसरभोळ्या मशीनच्या जिवावर शहाणा होतो, साहेब."

रघुनंदननी मोडलेलं टूल हातात फिरवलं. "स्वल्प पुस्तक वाचलं असतं तर, अण्णा."

"त्यात पोहायचं बी लिहिलंय म्हणे."

नवं मशीन प्रणिताकडं गेलं. रोज सुरुवातीला शंभरचा खाना रिकामा करणारी ओळ तिनं प्रोग्रॅममध्ये घातली. उरलेला महिना मल्लाप्पा तिच्या शेजारी स्टूल टाकून ते पुस्तक वाचत बसला, दिवसाला दोन पानं, हातात पेन्सिल. कुठं चूक सापडते का बघत. एकही सापडली नाही, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्यानं डबा पिशवीत टाकला, चष्मा पुसला आणि दारातून वळून बघितलं. प्रणिता मशीन बंद करत होती.

"उद्या आल्या आल्या शंभर बघ गं. ओळ घातलीस, म्हाइत हाय, तरी बघ. चहा काय, नंतर बी मिळतोय."