आबांनी काढून घेतलेला शब्द

“हिला मालकीणबाई म्हनतीस व्हय गं शेवंते?”

गावचे बडे बागायतदार आबा गाडीत बसूनच हसले. माझ्या नर्सरीच्या दारात, माझ्याच गिऱ्हाइकांसमोर. शेवंतामावशीच्या हातात मिरचीच्या रोपांचा ट्रे होता. सत्तरीला आलेली बाई. माझ्याकडे मजुरीला येते. ही रोपं कुणाची, एवढंच तिने मला विचारलं होतं. विचारताना मालकीणबाई म्हणाली, हा तिचा गुन्हा.

“हिची आय आमच्या उसात खुरपत हुती. नावानं हाक मार हिला.”

मावशीने ट्रे खाली ठेवला. हात जोडले. म्हणाली, “चुकलं आबा.”

माझं डोकं तिथंच फिरलं. मला हसले असते तर गिळलं असतं. आजवर काय कमी गिळलंय? खताचा डीलर फोनवर म्हणतो, साहेबांना द्या. बँकेत विचारतात, मिस्टर नाही आले का. मिस्टर वालचंदनगरला नोकरीला. मिरचीचं रोप कुठलं आणि वांग्याचं कुठलं, हे त्यांना अजून कळत नाही. धंदा माझा आहे, हे लोकांना रोज सांगून सांगून दमले आणि शेवटी सांगणंच सोडलं. पण माझ्या दारात, माझ्यापायी, एका म्हातारीने माफी मागितली. ते सोसवलं नाही.

खरं सांगते, तो शब्द मला कधीच आवडला नाही. लहानपणी इथे वरकुट्यातच आई आबांच्या घरी मजुरी मागायला जायची. मी तिचा पदर धरून मागे. गोठ्यापाशी थांबायचं. “मालकीणबाई” अशी एकच हाक मारायची. दुसरी मारली तर उर्मटपणा. मग त्या घरच्या बाई बाहेर येईपर्यंत उन्हात उभं राहायचं. माझे पाय भाजायचे. परत हाक मार म्हटलं की आई माझ्या तोंडावर हात ठेवायची. त्या घरातल्या सुनांना आता सगळे मॅडम म्हणतात. जुना शब्द तेवढा आमच्या लोकांच्या तोंडी राहिला.

शेवंतामावशी तो घेऊनच माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी शेडबाहेर चपला काढल्या, एक हाक मारली आणि उभी राहिली. मी फोनवर होते. बाहेर आले तेव्हा ती घामाने निथळत होती. मला लाजच वाटली. किती विनवलं, मला ताई म्हण, दहादा हाक मार. ऐकेल तर शपथ.

“आपल्यातली एक मालकीणबाई झाली,” ती म्हणाली. “म्हनू दे की मला.”

म्हणून आबा हसले ते मला कमी आणि तिला जास्त लागलं. मी गाडीपाशी गेले. काचेशी वाकले नाही.

“मावशीचं काय चुकलं न्हाय, आबा. हितली मालकीण मीच हाय.”

आबांचं हसू गेलं. लई शानी झालीस म्हणाले. रोपं भर, मला वेळ नाही. मी सांगितलं, ही माणसं आधी आलीत, त्यांचं झालं की तुमचं. उतरून सावलीत बसा. ते उतरले नाहीत. गाडी वळवून निघून गेले.

मग फोन यायला लागले. गावात आबांचा शब्द चालतो. कुणाला कलिंगडाची रोपं नको झाली, कुणाला मिरचीची. तयार रोप थांबत नाही, ट्रेमध्येच वाढून वाया जातं. नवरा म्हणाला, एकदा जाऊन माफी माग, त्यात काय झिजतेस? आईसुद्धा म्हणाली, जा बाई, एक हाक मार, त्या येतील बाहेर. आईवर चिडता येत नाही. त्या घराची भीती तिच्या अंगातून अजून गेलेली नाही. इतकी थकले होते की रडूही येईना.

सगळ्यात वाईट वेगळंच झालं. शेवंतामावशी मला काहीच म्हणेना. मालकीणबाई नाही, ताई नाही, नावही नाही. काही विचारायचं असलं की समोर येऊन उभी राहायची, माझं लक्ष जाईपर्यंत. चार दिवस मी ते पाहिलं आणि पेंटरला बोलावलं.

नर्सरीच्या बोर्डावर तोवर नवऱ्याचं नाव होतं. गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून मीच घातलेलं. ते काढायला लावलं. नवरा म्हणाला, निदान प्रोप्रायटर लिही, बरं दिसेल. मी म्हटलं, मालकीण लिहायचं आणि पुढे माझं नाव. शब्द जुनाट आहे, मला ठाऊक आहे. नको झाला तर मी टाकीन. पण आबांनी हिसकावला म्हणून सोडणार नाही.

मावशीला वाचता येत नाही. काय लिहिलंय ते मी सांगितलं. ती घाबरली. “आबा बगतील की.”

“त्यांच्यासाठीच लिवलंय,” मी म्हणाले.

निम्मी रोपं उकिरड्यावर गेली. निम्म्यावर धंदा करीन. पण त्या घरी माफी मागायला इथून कुणी जाणार नाही. मी नाही, आणि माझ्याकडे कामाला येणारी एकही बाई नाही.