साद आणि ओ

देव आपल्याच माणसांत भांडणं का होऊ देतो, हा प्रश्न मला त्या दिवसांत फार छळायचा. भांडणातलं अर्धं तोंड माझंच होतं, हे मात्र ध्यानात येत नसे! एकोणीसशे ऐंशीनंतरची ती वर्षं. मालवणच्या किनाऱ्यावरचं आमचं छोटं कपेल, म्हणजे प्रार्थनाघर. पाद्री अधूनमधून सावंतवाडीहून यायचे. एरवी शनिवारी संध्याकाळी आम्हीच कपेलासमोरच्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, लदीन म्हणायचो. एकीने मरियामाऊलीला एकेका नावाने साद घालायची, बाकीच्यांनी ‘आमच्यासाठी विनती कर’ अशी ओ द्यायची. साद घालायचा मान माझा. आवाज फुटक्या घागरीचा, पण ऐट होडीवरच्या तांडेलाची.

मग शिरोड्याकडून मासेमारांची काही घरं राहायला आली, कपेल भरलं. त्यांच्यातली आंजेलीन म्हणाली, “बाये, येक शनवार माका दी.”

“पयला ओ देवक शीक गो,” मी नाक उडवलं.

तिच्या माणसांनी ठरवलं, कपेलाचा वर्षाचा सण, फेस्त, झालं की आपला वेगळा खुरीस उभारायचा. कपेल दुभंगणार, हे आता सगळ्यांना कळून चुकलं होतं.

फेस्ताच्या संध्याकाळी समुद्रावरून खारं, पांढुरकं धुकं वर चढलं. मेणबत्त्या जणू पाण्याखाली जळत होत्या. मी माऊलीला ‘पहाटेच्या ताऱ्या’ अशी साद घातली. त्याच दमात आंजेलीनने ‘सोन्याच्या घरा’ म्हटलं. माझी माणसं माझ्यामागून साद घालू लागली, तिची तिच्यामागून. ओ द्यायला कोणी उरलंच नाही. हळूहळू सगळेच आवाज विरले. नुसती लाट ऐकू येत राहिली.

तेवढ्यात त्या धुक्यातून कोणीतरी म्हणालं, “विनती कर गो माये, आमच्यासाठी.”

डोक्यावर मासळीची पाटी, कपाळाला ठसठशीत कुंकू, अशी एक म्हातारी. आमच्यातली नव्हे, ओळखीचीही नव्हे. हसून म्हणाली, “अगो, सगळीच साद घालतास, मगे ओ कोण देतलो?” आणि किनाऱ्याकडे दिसेनाशी झाली.

मी आंजेलीनकडे पाहिलं. कसे कोण जाणे, शब्द आले, “तू साद घाल. मी ओ देतंय.”

“मगे मोठ्यान दी हां!”

इतकी वर्षं मी माऊलीला नुसत्या हाका मारल्या होत्या. मागितलं ते त्या संध्याकाळी, ओ देताना, पहिल्यांदा. डोळे भरून आले, आणि आंजेलीनचा आवाज माझ्याहून गोड आहे हेही, नाइलाजाने, ऐकू आलं. वेगळा खुरीस उभा राहिला नाही. एक शनिवार तिचा, एक माझा, असं सुरू झालं.

ती म्हातारी कोण, हे मी कधी शोधलं नाही. मिळालं तेवढ्याचे उपकार मानते. आता नातसून साद घालते, ऐट थेट माझी. मी मागे बसून ओ देते. खरं सुख या मागच्या बाकावर आहे, हे तिला सांगत नाही. ऐकलं तर आजच येऊन माझी जागा घेईल.