मिलोयेची पट्टी

बाई हट्टी, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. देसांका सर्बियातल्या खेड्यातून जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनला आली ती ऐन विशीत. आठवडाभर शाळेच्या फरश्या पुसायच्या आणि शनिवारी सर्बियन मंडळाच्या हॉलमध्ये गावाकडची गाणी म्हणायची, असं तिनं चाळीस वर्षं केलं. कारखान्यात राबून हात राठ झालेले बाप्ये दुसऱ्या ओळीलाच डोळे पुसायचे. शेजारी नवरा, मिलोये, अकॉर्डियन घेऊन उभा. तो आधी सूर द्यायचा, मगच ही तोंड उघडायची.

गेल्या हिवाळ्यात मिलोये गेला. त्याचं अकॉर्डियन हिनं हट्टानं त्याच्यासोबतच पुरलं. त्यांच्यात दुःखाच्या घरात वर्षभर गाणं वर्ज्य. हिनं रेडिओसुद्धा कपाटात टाकला. मंडळाचे अध्यक्ष येऊन सांगून गेले, इथे जर्मनीत कोण बघतंय, तरुण मंडळी कीबोर्डवाल्याला बोलावतायत, तुझी जागा जाईल. खालच्या मजल्यावरच्या, पुण्याच्या ऊर्मिलेनंही तेच समजावलं. देसांका म्हणाली, "चाळीस वर्षं त्यानं मला सूर दिला. मी त्याला एक वर्षही देऊ नको?"

वर्ष सरलं. थडग्यावर वर्षाची प्रार्थना झाली आणि शनिवारी दुपारी देसांका पुन्हा हॉलमध्ये उभी राहिली. कीबोर्डवाल्यानं अदबीनं विचारलं, "मावशी, तुमची पट्टी कोणती?"

आता आली का पंचाईत! जन्मभर गायली, पण पट्टीचं नाव बाईला ठाऊकच नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती. मिलोये द्यायचा ती, एवढंच तिला सांगता आलं. बिचाऱ्यानं एक दिली, ती फार उंच निघाली. दुसरीत आवाज घुसमटला. लोकांनी धीर द्यायला टाळ्या वाजवल्या आणि त्या टाळ्यांनीच ती खचली. कोट चढवून निघून आली.

स्वतःच्या घरी न जाता तिनं ऊर्मिलेचं दार वाजवलं. ऊर्मिलेकडे पेटी होती. सगळं ऐकून ती बिचारी भाता मारत एकेक सूर दाबत गेली. एका सुराशी देसांकाचा हात वर झाला.

"काळी दोन," ऊर्मिला म्हणाली. "म्हणा आता."

देसांकाच्या डोळ्यांना धार लागली होती. तिनं मान हलवली.

"गायचं नाही. तू नुसती दाबून धर."

हात भरून आला तरी ऊर्मिला भाता मारत राहिली.