शेडमधला हिवाळा

शेडच्या दारावर आधी टकटक करायची. दोनदा, हलक्या हातानं. मग काहीतरी बोलत आत शिरायचं. सासूबाईंनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. अचानक दार उघडलं की कोंबड्या बिचकतात, सगळ्या एकदम उडतात आणि एकमेकींच्या अंगावर पडतात. म्हणून त्या रोज सकाळी टकटक करून आत जाताना डचमध्ये म्हणायच्या, "सुप्रभात, बायांनो." आतून अडीचशे कोंबड्यांची पुटपुट ऐकू यायची, दुपारी झोपेत कुणी कूस बदलावी तशी.

सासरे वसंतात गेले आणि त्या उन्हाळ्यात आम्ही आल्मेऱ्यातला फ्लॅट भाड्यानं देऊन इथे, सासूबाईंच्या शेतावर आलो. सहा महिन्यांसाठी, असं ठरलं होतं. नवरा युट्रेख्टच्या स्टेशनपर्यंत सायकलनं आणि तिथून ट्रेननं झुइडासच्या ऑफिसात जायचा. माझं काम लॅपटॉपवरचं, ते कुठूनही करता यायचं. मुलगी पाच वर्षांची, तिला गावातल्या शाळेत घातलं. सासूबाईंना एकटं वाटू नये, एवढाच हेतू होता. अंड्यांचं काय करायचं, हे नंतर बघू म्हणालो होतो.

त्यांना हाक कशी मारायची, हा माझा जुना प्रश्न. इथे सासूला नावानं हाक मारतात. माझी जीभ काही वळत नव्हती. लग्नानंतर चार वर्षं मी त्यांना कुठलीच हाक न मारता काढली. समोर जाऊन उभी राहायची, त्या बघायच्या, मग मी बोलायची. मुलगी बोलू लागली आणि त्यांना ओमा, म्हणजे डचमध्ये आजी, म्हणू लागली, तशी माझी सुटका झाली. आपल्याकडे मुलांच्या नात्यानं हाक मारायची सोय आहेच. मीही ओमा म्हणू लागले. त्यांना ते विचित्र वाटलं असणार, पण त्या ओ देऊ लागल्या. मुळात त्या फार बोलायच्याच नाहीत.

सकाळी आठ ते दहा आम्ही दोघी अंडी गोळा करायचो. शेडच्या एका भिंतीला लाकडी खणांची रांग होती. कोंबड्या त्यात जाऊन बसायच्या, समोर पडदा, आत अंधार. पडद्याखालून हात घातला की आधी पेंढा लागायचा, मग एखादीचं गरम पोट, आणि त्या पोटाखाली अंडं. नुकतं घातलेलं अंडं किंचित ओलं असतं, हातात येईतो वाळतं. ते गालाला लावायची सवय मला कधी लागली, आठवत नाही. एखादी खुडूक झालेली कोंबडी उठायलाच तयार नसायची, पिसं फुलवून टोच मारायची. मी तिला मराठीत समजवायची, "अगं बाई, यातून पिल्लू नाही निघायचं. ऊठ." ओमा शेजारच्या खणाशी हसायच्या. त्यांना शब्द कळत नव्हते, सूर कळत होता.

दहा वाजता छोट्या झडपा उघडायच्या आणि कोंबड्या कुरणात सुटायच्या. मी वर खोलीत जाऊन मीटिंगला बसायची. खिडकीतून सपाट हिरवं कुरण दिसायचं, त्यात पाण्याचे सरळ चर, आणि तपकिरी ठिपके हळूहळू लांब जाताना. लॅपटॉपच्या पडद्यावर कुणीतरी बोलत असायचं आणि माझं लक्ष त्या ठिपक्यांवर. दुपारी ओमा अंडी कोरड्या ब्रशनं पुसून डब्यांत भरायच्या आणि रस्त्याकडेच्या हिरव्या लाकडी कपाटात ठेवून यायच्या. लोक सायकलवरून यायचे, पत्र्याच्या डब्यात नाणी टाकायचे, अंडी न्यायचे. संध्याकाळपर्यंत कपाट रिकामं.

ऑक्टोबरात उत्तरेकडून रानटी हंस आले. आधी आवाज आला, धुक्याच्या आतून, खूप वरून. मग एका सकाळी पाहिलं तर पलीकडचं सगळं कुरण करड्या पाठींनी भरलेलं. मी चहाचा कप घेऊन बराच वेळ बघत उभी राहिले. इतकं सुंदर दृश्य मी फार कमी पाहिलंय. ओमाही बाहेर आल्या, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता दारं बंद करावी लागतील."

दोन आठवड्यांत तसा हुकूम आलाच. रानपक्ष्यांत बर्ड फ्लू सापडला होता. पाळलेल्या सगळ्या कोंबड्या आत ठेवायच्या, पुढची सूचना येईपर्यंत. त्या दिवशी आम्ही झडपा खाली ओढून खुंट्या ठोकल्या. आतून कोंबड्या झडपांपाशी येऊन उभ्या राहिल्या. दहा वाजले की रोज येऊन उभ्या राहायच्या, जवळजवळ आठवडाभर. मग यायच्या थांबल्या.

नागपूरला बाबांना व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं. ते निवृत्त रेल्वे कर्मचारी, प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे एक म्हण. म्हणाले, "अगं, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहते का? राहू दे झाकून. उजाडेल तवा उजाडेल." मी त्याचा अर्थ ओमांना माझ्या मोडक्या डचमध्ये सांगितला. त्यांनी विचार केला आणि विचारलं, "पण तुमच्याकडे कोंबडं झाकतात कशाला?"

आत कोंडलेल्या कोंबड्या कंटाळतात आणि कंटाळल्या की एकमेकींची पिसं उपटतात. त्यांना उद्योग द्यावा लागतो. आम्ही दोऱ्यांना कोबीचे गड्डे बांधून छतापासून लोंबकळत सोडले. लसूणघासाच्या गठड्या ठेवल्या. एका कोपऱ्यात वाळू आणि राख पसरली, तिथे त्या धुळीत लोळायच्या. ही सगळी व्यवस्था करण्यात आम्ही जास्तच वेळ शेडमध्ये घालवू लागलो. दुपारच्या सुट्टीत मी जेवणाचा डबा घेऊन तिथेच जायची, पेंढ्याच्या गठडीवर बसायची. ओमा दुसऱ्या गठडीवर. वरच्या अरुंद खिडक्यांतून हिवाळ्याचं उतरतं ऊन यायचं, त्यात धूळ तरंगायची, आणि त्या धुळीखाली अडीचशे जीव हलक्या आवाजात काहीबाही पुटपुटत असायचे. पाचेक मिनिटांत डोळे जड व्हायचे. बाहेर काय वार आहे, कुठला देश आहे, याचा विसर पडायचा.

अशाच एका दुपारी ओमा बोलायला लागल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या, कोबीकडे बघत होत्या. त्यांचे यजमान तरुण असताना पहिल्या बारा कोंबड्या सायकलच्या पेटीत घालून आणत होते. दाट धुकं होतं. पेटीचं झाकण निघालं आणि एक कोंबडी पळाली. ते अख्खी दुपार तिला शोधत शेतांतून फिरले, शिट्टी वाजवत.

"आमच्या अंगणात आला," ओमा म्हणाल्या. "माझ्या वडिलांना विचारलं, तपकिरी कोंबडी पाहिलीत का? वडील म्हणाले, नाही. मी पाहिली होती. आमच्या चेरीच्या झाडावर बसली होती. पण मी लगेच सांगितलं नाही."

"का?"

"सांगितलं असतं तर तो गेला असता ना."

पुढे त्या त्यांच्या गावाकडच्या बोलीत शिरल्या आणि मला नीट कळेनासं झालं. धुकं, दिवा, कुणाचा तरी कोट, असे शब्द मधेमधे ऐकू येत राहिले. मी थांबवलं नाही. त्यांचं झालं तेव्हा मला वाटलं आपणही काही सांगावं, आणि तेवढं डच माझ्याकडे नव्हतं. म्हणून मराठीत सांगितलं. आमचं रेल्वे क्वार्टर, मे महिन्यात गच्चीवर टाकलेल्या गाद्या, आई त्यांच्यावर पाणी शिंपडायची ते, कूलरच्या वाळ्याचा वास. माझी आई मी इथे शिकायला आले त्याच वर्षी गेली, तेही सांगितलं. डचमध्ये ते मी त्यांना एका वाक्यात कधीच सांगून टाकलं होतं. मराठीत बराच वेळ लागला. ओमा मधूनमधून "या, या" म्हणत होत्या. डचमध्ये त्याचा अर्थ "हो, हो". मला मात्र कुणी घरात बोलवतंय असं ऐकू यायचं.

जानेवारीत वादळ झालं. रात्रभर छताचे पत्रे वाजत होते. सकाळी मी टकटक करून आत गेले तर एका कोपऱ्यात तीन कोंबड्या मरून पडल्या होत्या. मी हाक मारली. ओमा आल्या, बघितलं, वाकून हात लावला नाही. फक्त म्हणाल्या, "बाहेर ये. बूट इथेच काढ."

त्यांचा चेहरा मी तसा पूर्वी एकदाच पाहिला होता, सासरे गेले तेव्हा. मला त्या मिनिटाला समजलं की ही साथ निघाली तर काय होईल. उरलेल्या सगळ्या कोंबड्या एका दिवसात मारून नेतील. शेड रिकामी होईल.

जनावरांच्या डॉक्टर पांढरा सूट घालून आल्या, नमुने घेऊन गेल्या. उत्तर यायला दोन दिवस. रस्त्याकडेच्या कपाटावर ओमांनी पुठ्ठा लावला, "सध्या बंद." शेडमध्ये आम्हा दोघींपैकी एकीनंच, कपडे बदलून, दाणापाणी द्यायला जायचं. नवऱ्यानं रजा काढली, पण करण्यासारखं काही नव्हतं. तो चरातलं शेवाळ काढत बसला. मुलीला मी मराठीत विचारलं, "घाबरलीस का?" तिनं नेहमीसारखं डचमध्ये उत्तर दिलं, "मी नाही. ओमा घाबरलीये. ती कॉफीत साखर घालायची विसरली."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. ओमांनी उचलला, ऐकलं, आभार मानले आणि ठेवला. "फ्लू नाही," त्या म्हणाल्या. "वादळाला घाबरून कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या. खालच्या गुदमरल्या." मग त्या खुर्चीवर बसल्या आणि रडल्या. त्या गुदमरलेल्या तिघींसाठी की वाचलेल्या बाकीच्यांसाठी, का सासरे गेल्यापासून राहून गेलेलं ते रडणं, माहीत नाही. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी माझा हात धरला आणि आपल्या गालाला लावून ठेवला. नवरा दारातून आत आला, आम्हाला बघून परत बाहेर गेला.

हंस मार्चमध्ये गेले. एप्रिलच्या मध्याला हुकूम उठला. आम्ही चौघांनी तो सोहळाच केला. खुंट्या काढल्या, नवऱ्यानं झडपा वर ओढल्या आणि आम्ही बाजूला होऊन उभे राहिलो. बाहेर गवत गुडघाभर वाढलेलं, पिवळ्या फुलांनी भरलेलं, वर मोठं निळं आभाळ. कोंबड्या झडपांपाशी आल्या. उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या. माना वाकड्या करून एका डोळ्यानं बाहेर बघितलं. आणि एकही बाहेर आली नाही.

आम्ही दाणे टाकले. मुलीनं गवत उपटून दाखवलं. नवऱ्यानं एकीला उचलून बाहेर ठेवलं, ती धावत आत गेली. तासाभरानं ओमा म्हणाल्या, "पुरे. झडपा उघड्या ठेवा आणि आपापल्या कामाला लागा."

दुसरा दिवसही तसाच गेला. पाचसहा जणी उंबऱ्यावर उन्हात बसल्या, एवढंच.

तिसऱ्या दिवशी शनिवार होता. ओमांनी दोन खुर्च्या कुरणात नेल्या आणि शेडकडे पाठ करून मांडल्या. "बघत बसलं की येत नाहीत," त्या म्हणाल्या. आम्ही पाठमोऱ्या बसून कॉफी घेतली. हवेत गवताचा आणि चरातल्या पाण्याचा वास होता. मी त्यांना सांगितलं की नवऱ्याशी बोलणं झालंय, आल्मेऱ्याचा फ्लॅट आम्ही विकणार आहोत. त्यांनी मान हलवली. "वरच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही," एवढंच म्हणाल्या, "ती दुरुस्त करायला हवी."

थोड्या वेळानं मागे गवत सळसळलं. आम्ही वळलो नाही. खुर्चीच्या पायाशी एक तपकिरी कोंबडी आली, माझ्या बुटाच्या नाडीला चोच मारून पुढे गेली. मग दुसरी. मग दोन्ही बाजूंनी, उंच गवतातून, फक्त लाल तुरे दिसत होते, चाललेले. मी ओमांकडे पाहिलं. त्यांना झोप लागली होती. इतक्या महिन्यांत दिवसाउजेडी झोपलेलं मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. त्यांच्या हातातला कप अलगद काढून मी गवतात ठेवला.

अंडी गोळा करायला त्या दिवशी मी आणि मुलगी गेलो. शेड जवळजवळ रिकामी होती, खणांत मोजकीच अंडी. बाकीची कोंबड्यांनी बाहेरच घातली असणार, हे लक्षात यायला मला वेळ लागला. दुपारभर आम्ही ती कुंपणाच्या झुडपांत, खाजऱ्या रोपांच्या मुळाशी, जुन्या नांगराखाली शोधत हिंडलो. मुलीला चराच्या कडेला एक सापडलं, चिखलात अर्धं रुतलेलं.

"हे कुणाचं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, मलाही माहीत नाही. तिनं ते फ्रॉकला पुसलं, उन्हात धरून आरपार पाहिलं आणि दोन्ही हातांत घेऊन, पाय जपून टाकत, घराकडे निघाली.