रंजनावहिनी बाजूला बसायची

रंजनावहिनी बाजूला बसली की अख्ख्या गल्लीला कळायचं. त्यांच्या गोठ्याला लागून एक उघडी पडवी होती. तिथे पोतं अंथरून ती ऐटीत बसायची. शेजारी पाण्याची कळशी, मांडीवर शेंगांचं सूप आणि पदराखाली मोबाईल. त्या दिवसांत बाकीच्या बायका भिंतीकडे तोंड करून बसतात. ही रस्त्याकडे तोंड करून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःच हाका मारायची. "कावळा शिवला वाटतं गं," असं एखादी म्हणाली की उत्तर तयार असायचं : "माजा कावळा मिलिटरीतला हाय, आत्या. तारीख चुकवत न्हाई."

विट्यापासून थोड्या अंतरावर आमचं गाव. आमच्या आणि त्यांच्या घरात एक कमरेएवढी भिंत. माझे वडील चळवळीतले. आमच्या घरी पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी पत्रक दिलं जायचं. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या घड्या घालता घालता. त्यामुळे विटाळ पाळणारी शेजारीण म्हणजे मला घरबसल्या मिळालेली रणभूमीच होती. शाळेत असताना एकदा मी त्या भिंतीवरून वहिनीला पत्रक दिलं आणि वर भाषणही ठोकलं, की पाळी ही शरीराची साधी क्रिया आहे, त्यात अपवित्र काही नाही, तू उठ आणि सरळ स्वयंपाकघरात जा. तिने पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं, शेंगांची टरफलं त्यात घेतली आणि म्हणाली, "समे, सैपाकघरात जायाचं मला काय पडलंय? रोज तितंच आस्ते की. चार दिवस पाठ टेकती, ती बी तुज्या बाच्या पक्षाला बघवंना व्हय?"

तिचा नवरा, संभाजीदादा, सेलमला. आमच्याकडची निम्मी माणसं अशीच दूर दूर गलाईच्या दुकानांत आहेत. सोनं आटवून शुद्ध करायचा तो धंदा. दुकानाच्या माळ्यावर गडी दाटीवाटीनं झोपतात, तिथे बायकोला कुठे नेणार? म्हणून तो दिवाळीला यायचा आणि गावच्या यात्रेला यायचा, आणि बाकीचं वर्ष वहिनी सासूपाशी. सासूला सगळं गाव आक्का म्हणतं. वाईट बाई नव्हे. पण सुनेवर नजर ठेवणं हे त्यांना दूध तापवण्याइतकं रोजचं काम वाटायचं.

वहिनीचं माहेर पाटणच्याही वर, कोयनेच्या अंगाला. घाटातून गाडी गावात शिरेपर्यंत निम्मी माणसं ओकून रिकामी होतात, असं ती अभिमानाने सांगायची. लहानपणापासून भूकंपाचे हादरे खाल्लेली. "आमच्याकडं जमीन हालली की आदी मांडणीवरची भांडी धरायची. भांडी पडली न्हाईत तर मान्सं म्हनत्यात, काय झालंच न्हाई." तिचं अंग जाड होत गेलेलं, हनुवटीवर कायम पदराचं टोक. लोकांना तो सोज्वळपणा वाटायचा. पदराखाली केस होते. बाजाराच्या दिवशी ती विट्याला एका पार्लरमध्ये जाऊन ते काढून यायची आणि येताना कोथिंबीर आणायची, म्हणजे बाजाराला गेल्याचा पुरावा.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. एकदा गल्लीतली एक म्हातारी तिच्यासमोरच म्हणाली, "खाती लय. पोटात पोराला जागा कुठनं ऱ्हानार?" वहिनी शांतपणे म्हणाली, "व्हय की. तुमच्याच घरचं खाते, म्हून तुमाला म्हाईत." त्या वेळी आक्का तिला तालुक्याला एका डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. सून डॉक्टरकडे एकटी जात नाही, आणि गेली तर सुनेचं दुखणं सासूच सांगते, ही आमच्याकडची रीत. डॉक्टरांनी विचारलं, पाळी नियमित येते का? वहिनीने तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाल्या, "टायमाला. तिच्यावरनं घड्याळ लावून घ्या." डॉक्टर म्हणाले, मग नवऱ्याला घेऊन या, दोघांच्या तपासण्या एकदमच करू. संभाजीदादा काही आला नाही. विषय तिथे मिटला.

मी सांगलीला कॉलेजात होते तेव्हा माझीच पाळी थांबली. एक महिना, दोन महिने, तीन. चेहऱ्यावर पुटकुळ्या, वजन वाढलेलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाईंनी पीसीओएस हे नाव सांगितलं आणि कागदावर बीजाशयाचं चित्र काढून दाखवलं. रोज चाल, गोड कमी कर, या गोळ्या घे, आणि महिनोन्‌महिने पाळी आली नाही तर गप्प बसू नकोस, म्हणाल्या. गर्भपिशवीच्या आतलं अस्तर बाहेर पडत नाही, जाड होत राहतं. वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर ते बिघडू शकतं.

आमच्या घरात सगळंच मोठ्याने बोलायची पद्धत. सुट्टीत आले तशी मी हे सगळं भिंतीवर बसून वहिनीला सांगितलं. ती तेव्हा पडवीत पोत्यावर बसली होती. एरवी मध्येमध्ये चेष्टा करणारी ती या वेळी शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"आन् साचून बिगडतं म्हनजे काय हुतं?"

"कॅन्सरसुद्धा होऊ शकतो, वहिनी. सगळ्यांना होत नाही. म्हणून तर औषध घ्यायचं."

ती शेंगा फोडत राहिली. मग रस्त्याकडे बघतच म्हणाली, "मला येतच न्हाई, समे. वर्सातनं येकदा, कवा दोनदा."

मला कळेना. "मग आत्ता?"

"आत्ता बी न्हाई."

समोर एक बाई, अस्पृश्य ठरवलेल्या पोत्यावर, वेगळ्या कळशीतलं पाणी पीत बसली होती, आणि तिला काहीही झालेलं नव्हतं.

मग तिने सांगितलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी संभाजीदादा दिवाळी करून सेलमला गेला. पुढच्या महिन्यात पाळी आली नाही. आक्कांनी आनंदाने तिला जड उचलू देणं बंद केलं. पण शिमगा आला तरी पोट दिसेना आणि पाळीही येईना. नळावर बायका बोटांवर हिशेब करायला लागल्या. एकजण हसत म्हणाली, "दिवाळीला गेलाय न्हवरा. आता झालंच तर सेलमवरनं पोस्टानं आलं म्हनायचं."

"दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांस्नी म्हनलं, मी भाईरची हाय. आन् येऊन बसले हितं. सगळ्यांस्नी दिसंल आसं, रस्त्याकडं तोंड करून." ती हसली. "एकदा लबाडीनं बसलं, की दर म्हयन्याला बसाय लागतंय. मदीच चुकवून चालत न्हाई."

मी ज्या विटाळाविरुद्ध पत्रकं वाटत होते, त्याच विटाळाच्या आडोशाला ही बाई जीव धरून बसली होती. नवरा परगावी असलेल्या बाईच्या पोटाचा हिशेब गाव ठेवतं, हे आमच्या एकाही पत्रकात नव्हतं. मी चिडून म्हणाले, आजच्या आज आक्कांना सांग, नाहीतर मी सांगते.

तिने माझं मनगट धरलं. घट्ट. "आता सांगितलं तर मागली समदी वर्सं उलटी हुत्यात. मग इचारतील, तवा काय लपवत हुतीस? त्याला काय जवाब देऊ? भांडी धरलीत मी इतकी वर्सं. तू आता हात सोडाय लावू नगंस." आणि लगेच, "येते मी सांगलीला तुज्यासंगं. यात्रा हू दे."

यात्रा झाली. मग ऊसतोड आली. मग आक्कांच्या गुडघ्याचं निघालं. दर वेळी मी विचारायची आणि दर वेळी ती पुढची तारीख द्यायची. आणि गंमत म्हणजे माझ्या आजारात मात्र तिने कधी हयगय होऊ दिली नाही. मी गावी असले की पहाटे मळ्यापर्यंत चालायला न्यायची, मी रेंगाळले तर मागून ढकलायची. माझ्या चहातली साखर तिने बंद केली. आईला जमलं नव्हतं ते. हॉस्टेलवर फोन करून पहिलं वाक्य, "तुजी आली का?" आली म्हटलं की म्हणायची, "बरं झालं बाई," आणि असा श्वास सोडायची, की जणू तिचीच आली.

पुढे एका पावसाळ्यात तिचीही आली. आली ती थांबेना. आता वेगळाच पेच. बाजूला बसायचे दिवस चार. पाचव्या दिवशी न्हाऊन उठायचं, आणि उठली नाही तर आक्का विचारणार. ती उठली. रक्त जात असताना पाणी भरलं, भाकऱ्या थापल्या. मला फोनवर म्हणाली, "देव्हाऱ्यात दिवा लावला मी तसाच. काय झालं सांग? दिवा लागला." मी रडत होते आणि ती मला हसवत होती. दवाखान्यात जा म्हटलं तर म्हणाली, थांबंल की.

पिठाच्या गिरणीत ती चक्कर येऊन पडली. पांढरीफटक. मिरजेला नेलं. मी सांगलीहून पोचले तेव्हा संभाजीदादाही मिळेल त्या गाडीने आला होता, अंगावर दुकानातलाच शर्ट. डॉक्टरांनी खाटेपाशी उभं राहून विचारलं, याआधी पाळी कशी होती?

आक्का सवयीने म्हणाल्या, "टायमाला. दर म्हयन्याला. आजवर येक चुकली न्हाई."

वहिनीने डोळे उघडले. आवाज अगदी बारीक होता, पण खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेला. "डॉक्टर, त्यास्नी नगा इचारू. मला येत नव्हती. मी नुसती बसत हुते."

संभाजीदादा आईकडे बघायला लागला. आक्का खाटेवर वाकल्या. मग म्हणाल्या, "मग बसत कशापायी हुतीस गं?"

"तुमी बगत हुता म्हून."

तपासणीत जे निघालं ते डॉक्टरांनी आधीच ओळखलं होतं. गर्भपिशवी काढली, औषधं झाली, केस गेले. हनुवटीवरचेही गेले, तेव्हा तिने माझ्याकडे आरसा मागितला आणि म्हणाली, "बग, पार्लरचा खर्च वाचला." पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ज्या प्रश्नाला ती इतकी वर्षं भ्यायली, की 'तेव्हा काय लपवत होतीस', तो ना नवऱ्याने विचारला, ना सासूने, ना गावाने. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. ज्या भुताला भिऊन ती मेली ते आलंच नाही. पण नळावरचं ते हसणं तिने ऐकलं होतं, आणि ते हसणारी बाई आजही आमच्या गल्लीत सुखाने नांदते.

सुट्टीत मी भिंतीपाशी उभी राहते तेव्हा पडवीकडे बघत नाही. बघितलं तर ती दिसते. रस्त्याकडे तोंड करून, मजेत. आक्कांनाही दिसत असावी. महिन्यातून एखादा दिवस त्या पडवीकडच्या दाराला येतच नाहीत.

यंदा आक्कांच्या लेकीची मुलगी, सायली, शिकायला त्यांच्याकडे राहायला आली आहे. ती सतरा वर्षांची. तिच्याही चेहऱ्यावर पुटकुळ्या, गळ्यावर काळसर पट्टे. आक्काच एक दिवस भिंतीपाशी आल्या. "समे, तुज्या डाक्टरीनबाईकडं न्हेऊ या हिला."

आम्ही तिघी सांगलीला गेलो. डॉक्टरबाईंनी सायलीला विचारलं, "पाळी वेळेवर येते का?" सायलीने आज्जीकडे बघितलं. मीही बघितलं. आक्कांचं तोंड उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं, खुर्चीचे हात धरून उठल्या, "तिलाच इचारा" म्हणाल्या आणि दार ओढून बाहेर गेल्या.

दाराला धुरकट काच होती. काचेपलीकडे आक्कांची सावली उभी राहिली. सायली त्या सावलीकडे बघत राहिली. डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं.

"येते की," सायली म्हणाली. "टायमाला."

मी उठले, बाहेर आले आणि आक्कांचा दंड धरला. "चला, खाली चहा घेऊ." त्या निमूट चालायला लागल्या. जिन्याच्या तोंडाशी आल्यावर थांबल्या.

"टायमाला म्हनली न्हवं?"

आक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कठड्याला धरून पहिली पायरी उतरल्या.

"हितलं नगं," त्या म्हणाल्या. "लांबचं हाटेल बग."