कामठ्याच्या बांधीतली नऊ भोकं

"बाबूजी! भोकं कुठं गेली? माझी नऊच्या नऊ भोकं कोणी बुजवली?"

असा ओरडलो की नागरा गावच्या महादेवानंही देवळात कूस बदलली असेल. कामठा गावच्या आमच्या बांधीत, धानाच्या खाचरात, घोटाभर पाणी उभं होतं आणि त्या पाण्याखाली मी चार महिने पोरासारखं जपलेलं गवत. वडील फावडं घेऊन धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, उभे होते. शाबासकी मिळेल अशा चेहऱ्यानं.

"मी बुजवलो," ते म्हणाले. "खेकड्याईनं पोखरून टाकला होता ना बाबू. पानीच नाई टिकून राहिला. एकेका भोकात काडी घालून पाह्यलो, पण खेकडा एक नाई सापडला. पक्के हुशार लेकाचे!"

नागपूरच्या कॉलेजात मी गोल्फ खेळायचो. संघात चौघं होतो, कारण पाचवा कोणी मिळालाच नाही. गावात मात्र मी सांगत असे की माझा एक फटका नागपुरातून सुटला तो थेट छत्तीसगडच्या हद्दीत उतरला, तोही बिनातिकीट. पानठेल्यावरचे लोक शांतपणे ऐकून विचारायचे, "मंग आनाले कोन गेला गा?"

कॉलेजनंतर गोल्फचं सामान विकणाऱ्या एका नागपुरी शेठकडे तीन वर्षं राबलो. मग डोक्यात आलं, घरीच राहायचं आणि गोल्फवरच जगायचं. वडिलांनी सडकेजवळची बांधी दिली. तिथं मी बारीक गवताचा गालिचा केला आणि त्यात पेल्याएवढी भोकं पाडली. चेंडू हलकेच ढकलून त्यात पाडायचा असतो. वडिलांनी दोनच प्रश्न विचारले. "हा चारा खाते कोन?"

"कोणी नाही."

"मंग एवढा कापतेस कायले?"

मी हसलो. छत्तीसगडचा चेंडू अख्ख्या गावाला पाच-पाचदा सांगितला, पण ती भोकं मीच पाडली आणि कशासाठी, हे बापाला एकदाही सांगितलं नाही.

शेठ पैसा घालायला तयार होता, पण जागा पाहून. तो हो म्हणाला तर मी घरी राहणार, नाही म्हणाला तर परत नागपूर. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. वडिलांना तर जास्तच. मी शेठला आणि भोकांत बसवायच्या प्लास्टिकच्या वाट्या आणायला दोन दिवस नागपूरला गेलो. मागे वडिलांना गवत सुकल्यासारखं वाटलं. पाहुण्यांना हिरवंगार दिसावं म्हणून त्यांनी धुरे बांधले, मोटर लावली आणि धानाला भरतात तसं पाणी भरलं. पाणी भोकांतून जिरू लागलं, तेव्हा जन्मभर जे केलं तेच केलं. चिखलाचे गोळे ठासून बसवले.

आणि भोकांसाठी ओरडून झाल्यावर मी सोबत आलेल्या शेठच्या देखत म्हणालो, "तुम्हाले धानाशिवाय काही समजते काय? पुरी जिंदगी चिखलात गेली तुमची!"

आयुष्यभर मी फुगवून बोललो. ते वाक्य मात्र नेमकं लागेल एवढंच बोललो.

शेठनं बूट झटकले, "अगले साल देखेंगे," म्हणाला आणि गाडीत बसला. माय घरून चहा घेऊन आली तोवर गाडीची धूळही खाली बसली होती.

वडिलांनी धुरा फोडून पाणी काढून दिलं. मग दुपारभर उकिडवे बसून हातानं चिखल उकरत राहिले. संध्याकाळी मला हाक मारली. "पाह्य बरं, झाले काय?" मी मोजली. अकरा भोकं. "जागा काई ध्यानात नाई राहिली," ते म्हणाले. मी पाठ फिरवून घराकडे चालू लागलो. आठ दिवसांत गवत काळं पडून कुजलं आणि मी बॅग भरली.

आता नागपुरात एका मॉलच्या बंद हॉलमध्ये लोकांना गोल्फ शिकवतो. समोर पडदा, पडद्यावर समुद्र. चेंडू पडद्यावर आपटून पायाशी पडतो आणि यंत्र सांगतं, दोनशे मीटर. माझ्याहून मोठा थापाड्या भेटला, एवढंच. नोकरी चांगली आहे. गावात सांगतो, समुद्रकाठी खेळतो. आता कोणी उलटून विचारत नाही.

दिवाळीला घरी गेलो. वडील अंगणात खाटेची दोरी ताणत बसले होते. पाठीतून बरेच वाकले होते. रस्ताभर तीन प्रकारे घोकलेलं बोलणं होतं, त्यातलं एकही आठवलं नाही.

"बाबूजी, तेव्हा चूक माझी होती," मी म्हणालो. "मी तुमाले काही सांगितलोच नाही. नोकरी सोडून येतो. या साली त्या बांधीत दोघं मिळून गवत लावू. पाणी तुम्ही पाहा."

त्यांनी दोरीचा पीळ घट्ट केला, खाटेला गाठ मारली, ओढून पाहिली.

"बांधी ठेक्यानं देऊन टाकलो," ते म्हणाले. "पाच सालासाठी."